हलकं रिव्हॉल्व्हर आणि ५० मीटरचा नेम: परवान्यावरचं .३२ निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नागपूर शहरात राहतात, काटोलकडे संत्र्याची बाग आहे, हंगामात मजुरीची रोकड घेऊन जाणं-येणं असतं. पोलीस आयुक्तालयातून हँडगनचा परवाना मिळाला आहे. दिवसभर कमरेला सहन होईल इतकं हलकं शस्त्र हवं, आणि २५ ते ५० मीटरवर नेम लागेल असंही हवं. निर्भीक घ्यावं, प्रबल घ्यावं (दोन्ही कानपूरला बनणारी .३२ बोअरची, म्हणजे ०.३२ इंची नळीची रिव्हॉल्व्हर) की दुकानातलं जुनं परदेशी पिस्तूल?

हलकेपणा आणि लांबचा नेम एकमेकांच्या विरोधात जातात हे खरं, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणाने नाही. लोक म्हणतात, शस्त्र हलकं म्हणजे धक्का जास्त आणि धक्का जास्त म्हणजे नेम गेला. .३२ मध्ये धक्का हा मुद्दाच नाही. रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसातली गोळी साधारण ६.३५ ग्रॅमची (९८ ग्रेन) असते आणि नळीतून सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागे येणारी ऊर्जा जेमतेम अडीच ज्यूल, ७०० ग्रॅममध्ये पावणेदोन. ७०० ग्रॅमच्या ९ मिमी पिस्तुलात हाच आकडा सात ज्यूलच्या पुढे जातो. .३२ चा धक्का कुणीही पेलतो. हलकेपणाची किंमत मोजावी लागते ती चापात.

डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) आधी मागे न ओढता थेट चाप दाबला तर, अशा रिव्हॉल्व्हरना सहसा ५ किलोच्या आगेमागे जोर लागतो. हातातलं शस्त्र अर्ध्या किलोचं आणि त्यावर बोटाचा जोर त्याच्या दहापट. बोट सरळ रेषेत मागे येत नाही, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये ते शस्त्र थोडं बाजूला किंवा खाली नेतंच. शस्त्र जड असेल तर ते हलायला वेळ घेतं, हलकं लगेच हलतं. म्हणून निवड करताना आधी चाप बघा, वजन नंतर. चाप गुळगुळीत असलेलं ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर चाप खरखरीत असलेल्या ५०० ग्रॅमच्यापेक्षा २५ मीटरवर केव्हाही सरस ठरतं.

आता ५० मीटर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण या आकड्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात. प्रबल ऑगस्ट २०२३ मध्ये आलं तेव्हा त्याचा पल्ला ५० मीटर सांगितला गेला आणि बातम्यांमध्ये तोच आकडा ठळक झाला. पल्ला म्हणजे तिथवर गोळीत दम राहतो. तुमचा नेम तिथवर लागतो असा त्याचा अर्थ नाही. दम तर त्याच्या कितीतरी पुढे राहतो. नळी वर उचलून झाडली तर .३२ ची गोळी किलोमीटरभर जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय एकही गोळी झाडायची नसते. नेम ठरतो तो तीन गोष्टींवर: पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर, चाप, आणि या दोन्ही साइट एकमेकींच्या संदर्भात किती घट्ट बसल्या आहेत.

पहिल्या गोष्टीचा हिशोब सोपा आहे. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली, एवढीच चूक धरा. दोन साइटमध्ये १२५ मिमी अंतर असेल (तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते साधारण एवढंच भरतं) तर २५ मीटरवर गोळी १० सेंटीमीटर बाजूला जाते आणि ५० मीटरवर २०. चार इंची नळीत अंतर १५० मिमीच्या आसपास जातं, तेव्हा हेच आकडे ८ आणि १७ होतात. खिशात मावणाऱ्या आखूड शस्त्रात ९० मिमी भरलं तर १४ आणि २८. एक इंच जास्त नळीचा खरा फायदा इथे आहे. लांब नळीमुळे गोळीचा वेगही थोडा वाढतो, पण .३२ मध्ये त्याचा उपयोग दुय्यम.

माशीची रुंदीही मोजा. हात ताणून धरल्यावर माशी डोळ्यापासून साधारण ६५ सेंटीमीटरवर असते. २.५ मिमी रुंदीची माशी त्या अंतरावरून ५० मीटरवरचं १९ सेंटीमीटर झाकते. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या २५ मीटर प्रिसिजन निशाणावरचा काळा गोल २० सेंटीमीटरचा असतो आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटीमीटरचं. म्हणजे ५० मीटरवर अख्खा काळा गोल माशीएवढाच दिसतो. एवढ्या जाड माशीने त्याच्या मधोमध नेम धरण्यापेक्षा गोल माशीच्या डोक्यावर बसवणं सोपं जातं, आणि अनुभवी नेमबाज तेच करतात.

दुसरा हिशोब गोळीच्या घसरणीचा. शस्त्र २५ मीटरवर बरोबर मध्ये मारत असेल तर रिव्हॉल्व्हरच्या .३२ ची गोळी ५० मीटरवर साधारण १३ सेंटीमीटर खाली लागते. पिस्तुलाच्या .३२ मधली गोळी हलकी, ४.६ ग्रॅमची (७१ ग्रेन), आणि वेगवान, सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. ती ८ सेंटीमीटर खाली जाते. ही घसरण ठरलेली आहे, म्हणून ती अडचण नाही. एकदा कागदावर बघून घेतली की तेवढं वर धरायचं. काडतुसांच्या दोन लॉटमध्ये सेकंदाला १० मीटरचा फरक असला तर २५ मीटरवर तो पाऊण सेंटीमीटरही दिसत नाही, ५० वर अडीच-पावणेतीन सेंटीमीटर होतो. त्यामुळे २५ मीटरवर गोळ्या विखुरत असतील तर काडतुसाला दोष देण्याआधी चाप आणि साइट तपासा.

तिसरी गोष्ट म्हणजे साइटचा घट्टपणा. प्रबल आणि निर्भीक यांच्यातला खरा फरक इथे आहे, आणि खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे बघतात. निर्भीक २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीतून आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम. त्याची बांधणी जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या वळणाची आहे. वरची कडी सोडली की रिव्हॉल्व्हर मधून मोडतं, नळी खाली झुकते आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडं पडतं. कानपूरचं .३२ मार्क ३ रिव्हॉल्व्हर हेही त्याच घराण्यातलं. या बांधणीत पुढची माशी नळीवर असते आणि मागची खाच कडीवर किंवा कडीजवळ. म्हणजे दोन साइटच्या मध्ये एक बिजागरी आणि एक कडी येते. नवं असताना दोन्ही घट्ट असतात. शेकडो वेळा उघड-बंद केल्यावर, आणि विशेषतः झटका देऊन उघडायची सवय असेल तर, तिथे ढिलेपणा येतो. कडीत दोन-तीन दशांश मिलिमीटरचा ढिलेपणा आला तर वरच्या हिशोबाने २५ मीटरवर ४ ते ६ सेंटीमीटर गेले, तेही दर वेळी वेगळ्या दिशेने.

प्रबलमध्ये चौकट एकसंध आहे. नळी त्यात पक्की बसवलेली आणि सिलिंडर बाजूला उघडतं. दोन्ही साइट एकाच कडक चौकटीवर राहतात. वजन काडतुसांविना ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी. लांबचा नेम ही तुमची अट असेल तर नव्या भारतीय शस्त्रांपैकी बाजूला उघडणारंच निवडा. २०० ग्रॅम जास्त आहेत, पण चांगल्या पट्ट्यावर ते कळत नाहीत. सहा काडतुसांचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपास असतं, ते दोन्हीकडे सारखंच. मोडणारं घ्यायचंच असेल तर चार इंची नळीचं मार्क ३ बघा. लांबीचा फायदा तरी मिळतो.

ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं निडर २५० ग्रॅमचं आहे आणि .२२ चं. खिशात ठेवल्याचं जाणवतही नाही. पण नळी इतकी आखूड आहे की २५ मीटरचा विचार तिथे करू नये. शिवाय .२२ चं काडतूस कडेवर ठोका बसून पेटतं आणि मध्ये ठोका बसणाऱ्या काडतुसापेक्षा ते जास्त वेळा दगा देतं.

पिस्तुलांचं गणित वेगळं. .३२ ची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) फक्त स्प्रिंग आणि स्वतःच्या वजनाने अडवलेली असते. वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात नळी चौकटीला पक्की जोडलेली असते, गोळी सुटताना ती हलत नाही. त्यामुळे अशी जुनी पिस्तुलं मुळात अचूक आहेत. पीपीची नळी ९८ मिमी, त्याच्याच आखूड आवृत्तीची, पीपीकेची, ८३. पण परदेशी हँडगनची आयात सामान्य परवानाधारकांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. बाजारात आहेत ती जुनीच हात बदलत फिरतात आणि त्यांचे भाव लाखांत सांगितले जातात. त्या पैशात नाव विकत मिळतं. नळीची अवस्था कशी आहे हे तुम्हालाच बघावं लागतं. एफएन १९१० सारख्या खिशातल्या पिस्तुलांच्या साइट तर स्लाइडवरच्या चरीत नावापुरत्या कोरलेल्या असतात. १० मीटरच्या पुढे त्या दिसतच नाहीत. ईशापूरचं .३२ पिस्तूल अशनी नवं मिळतं, सुटे भाग मिळतात, ही त्याची जमेची बाजू. दुकानात दोन-तीन नग मागून ज्याचा चाप सगळ्यात स्वच्छ सुटतो ते घ्या.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काही रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतुसाच्या कप्प्यात) शिरतंही, पण शिरलं म्हणून वापरायचं नाही. खरेदी करताना डब्यावरचं नाव नळीवरच्या नावाशी ताडून पाहा. ९ मिमी, .३८ आणि .४५५ हे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, तेव्हा परदेशी चर्चा वाचून त्यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. .३२ ला कमी लेखायचंही कारण नाही. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत जगभरचे नेमबाज याच .३२ रिव्हॉल्व्हर काडतुसाची सपाट तोंडाची आवृत्ती वापरतात. काडतूस अचूक आहे. त्यांचं शस्त्र मात्र एक किलोच्या पुढचं असतं आणि चाप एक किलोच्या आसपास सुटतो.

आता दुकानात काय बघायचं. आधी शस्त्र रिकामं आहे याची स्वतः दोनदा खात्री करा, डोळ्यांनी आणि बोटाने चाचपून. नळी सुरक्षित दिशेला. मग वजन: छोटा डिजिटल काटा बरोबर न्या, कारण पत्रकातलं वजन आणि हातातल्या नगाचं वजन यात थोडा फरक निघतो. साइटमधलं अंतर पट्टीने मोजा. चापाचा जोर मोजायला ट्रिगर गेज नसेल तर पाण्याच्या बाटल्या चालतात, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. रिकाम्या शस्त्राची नळी छताकडे धरून, दुकानदाराच्या परवानगीने आणि डमी (दारू नसलेली नकली) काडतुसं घालून, चापाच्या मध्यावर दोरीने पिशवी लटकवा आणि भार वाढवत न्या. घोडा मागे ओढलेल्या स्थितीत दीड ते अडीच किलोला चाप सुटला तर लांबच्या नेमासाठी उत्तम. साडेतीनच्या पुढे असेल तर दुसरा नग मागा. दीड किलोच्या खाली असेल तर कुणीतरी कानस फिरवली आहे का ते विचारा. फार हलका चाप कमरेच्या शस्त्राला धोक्याचा असतो. डबल ॲक्शनमध्ये आकड्यापेक्षा ओढ कशी आहे ते बघा. जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागायला हवा. मध्येच अडकून मग सुटणारा चाप नेम हमखास बिघडवतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची तपासणी सिलिंडरची. घोडा सावकाश ओढा आणि प्रत्येक चेंबरसाठी बघा की घोडा पूर्ण मागे जाण्याआधी किंवा जाताक्षणी सिलिंडर कुलपात बसतं का. एखादं चेंबर मागे राहत असेल तर गोळी नळीच्या मागच्या टोकाशी तिरकी शिरते, शिसं खरवडलं जातं आणि सहापैकी तीच एक गोळी दर वेळी भलतीकडे लागते. चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून बघा. किंचित खेळ चालतो, खडखड नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. त्याहून जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, वेगही घटतो. कमी असेल तर दहा-बारा गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर जड फिरतं. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये कडी बंद करून नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरा आणि हळू पिळून बघा. बिजागरीपाशी हालचाल जाणवली तर ते शस्त्र परत ठेवा, मग किंमत कितीही कमी असो. शेवटी नळीचं पुढचं तोंड बघा. नळीच्या आतले पिळाचे चरे जिथे संपतात त्या कडेवर एक जरी टवका असेल तर गोळी सुटताना वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. जुन्या पिस्तुलांत हा दोष फार आढळतो, कारण पिढ्यान् पिढ्या नळी तोंडाकडून लोखंडी गजाने साफ केलेली असते.

मूठही बघा. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे आणि त्या वेळी नळी कोपरापर्यंतच्या हाताच्या रेषेत असायला हवी. हात लहान असेल तर डबल ॲक्शनमध्ये बोट टोकावरच राहतं आणि उजव्या हाताचा माणूस डावीकडे मारू लागतो. मूठ बदलता येते, रबराची किंवा थोडी भरीव लाकडी. नळी कापणं किंवा यंत्रणेत फेरफार करणं हे मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कक्षेत येतं. माशी घासण्यासारखं कामही परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. त्याचा हिशोब असा: शस्त्र २५ मीटरवर ६ सेंटीमीटर खाली मारत असेल आणि साइटमधलं अंतर १३० मिमी असेल, तर माशी ०.३ मिमी कमी करायची. म्हणजे कागदाच्या तीन पदरांएवढी. आधी पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारून सरासरी काढा, मगच कानस लावू द्या, कारण घासलेली माशी परत वाढत नाही.

शस्त्र घेतल्यानंतरची परीक्षा फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. बागेत, बांधावर, विहिरीच्या मातीवर चाचणी घ्यायची नाही. काटोलच्या बागेत रानडुकरांचा त्रास असतो हे खरं, पण त्यासाठीही हे शस्त्र नाही. वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे, आणि .३२ ची गोळी रानडुकराला फक्त जखमी करते. जखमी डुक्कर काय करतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, तेव्हा ५० काडतुसांत ही परीक्षा बसवा. पहिली १० फक्त ७-१० मीटरवर, शस्त्राची ओळख म्हणून. मग टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, मनगट टेकवून (नळी टेकवायची नाही, नाहीतर गोळी वर लागते), घोडा ओढून २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन गट. सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतलं अंतर मोजा. तीन इंची नळीच्या .३२ ने ८ ते १० सेंटीमीटरचे गट दिले तर शस्त्र चांगलं आहे. १५ च्या पुढे गेले तर आधी दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला त्याच शस्त्राने पाच मारू द्या. त्याचेही तसेच आले तर शस्त्रात दोष आहे. पुढच्या १० गोळ्या टेकू न घेता, उभं राहून, दोन्ही हातांनी, २५ मीटरवर. सगळ्या २० सेंटीमीटरच्या काळ्या गोलात आल्या तर तुम्ही ५० मीटरला जायला तयार आहात. न आल्यास ५० ला जाऊन काडतुसं वाया घालवू नका. उरलेल्या १५ पैकी पाच डबल ॲक्शनने ७ मीटरवर आणि १० गोळ्या ५० मीटरवर टेकूने, घसरण बघण्यासाठी.

बाकी सगळा सराव घरी, डमी काडतुसांनी. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद. माशीवर नाणं ठेवून चाप दाबायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. सुरुवातीला घोडा ओढून, ते जमलं की डबल ॲक्शनने. रोज दहा-पंधरा मिनिटं महिनाभर केलं तर २५ मीटरवरचा गट जेवढा आवळतो तेवढा शस्त्र बदलून आवळत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना एक अडचण हमखास येते: माशी धूसर दिसते. लांबचा नेम माशी स्वच्छ दिसण्यावरच उभा असतो, निशाण थोडं धूसर चालतं. वाचायचा चष्मा ४० सेंटीमीटरसाठी असतो आणि माशी ६५ वर. नेत्रतज्ज्ञाला हे अंतर सांगून नेमाच्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरवर साधारण +०.७५ ते +१.० ची भर घातलेली काच करून घ्या. नागपूरच्या उन्हात चमकणारी माशी हाही त्रास आहे. ऊन उजवीकडून आलं की माशीची उजवी कड उजळते आणि डोळा तिलाच मध्य समजतो, गोळ्या डावीकडे जातात. कापराच्या ज्योतीवर माशी क्षणभर धरली की मऊ काळी काजळी बसते आणि चमक जाते. शस्त्र रिकामं, सिलिंडर उघडं ठेवूनच हे करायचं. रेंजवरून आल्यावर काजळी पुसून तेलाचा हात द्या.

वागवण्याबद्दल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. होल्स्टरने चापाचा गार्ड पूर्ण झाकला पाहिजे आणि पट्टा ३८ ते ४० मिमी रुंद, ताठ हवा. पट्टा मऊ असेल तर ५०० ग्रॅमही खाली ओढतात, ताठ असेल तर ७५० जाणवत नाहीत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सुती शर्ट दुपारपर्यंत ओला होतो. चामड्याचं होल्स्टर तो घाम पितं आणि त्यातलं मीठ पोलादावर बसतं. तीन-चार दिवसांत सिलिंडरच्या कडेला तांबूस ठिपके दिसतात. कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर बरं, चामड्याचंच हवं असेल तर आतून अस्तर लावलेलं. घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून काढून, पुसून, कुलपात. चामड्यात ठेवून कपाटात टाकायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात शस्त्र सोडून जायचं नाही. तापलेल्या गाडीत काडतुसं खराब होतात, आणि ताबा सुटला की जबाबदारी तुमची. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याला अडवणारी सुरक्षा पट्टी नसेल तर घोड्याखालचं चेंबर रिकामं ठेवून वागवा. पिस्तुलात तेच काडतूस रोज चेंबरमध्ये घालून-काढून वापरलं तर गोळी कवचात आत दबते आणि दाब वाढतो. दोन-तीन वेळा झालं की ते काडतूस वेगळं काढा. रोज अंगावर राहणारी काडतुसं वर्षाने रेंजवर संपवून नवी भरा.

५० मीटरबद्दल कायद्याच्या बाजूने एक वाक्य सांगणं भाग आहे. खासगी बचावाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि तो समोरच्या, टळत नसलेल्या धोक्यापुरता आहे. पन्नास मीटरवरच्या माणसापासून असा धोका होता हे पटवणं फार कठीण. त्या अंतरावर तुमच्याकडे निघून जायला वाट असते, आणि ती घ्यायची. लांबचा नेम शिकायचा तो यासाठी की २५ मीटरवर २० सेंटीमीटरच्या गोलात सगळ्या गोळ्या ठेवणारा हात ७ मीटरवर घाईतही भलतीकडे जात नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. शहरात परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर कानपूरहून शस्त्र आणण्याआधी वाहतुकीची परवानगी घ्या. नागपूरच्या परवानाधारक दुकानामार्फत मागवलं तर ती यातायात दुकानदार करतो. खरेदीनंतर नळी, चौकट आणि सिलिंडर यांवरचे क्रमांक बिलाशी आणि परवान्यावरच्या नोंदीशी तिथेच ताडून घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली तर देण्यापूर्वी नळीत आणि सिलिंडरमध्ये तेलाचा पातळ थर द्या, होल्स्टर न देता शस्त्र तेलकट कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची अवस्थाही लिहून घ्या. परत मिळाल्यावर काडतूस भरण्याआधी नळीतून कोरडी चिंधी फिरवा.